दुसऱ्यांदा अंगठा

आधार कार्डाची कोरी झेरॉक्स अक्का कुणाच्या हातात देत नसत. प्रत यंत्रातून निघाली की त्या तिच्यावर पेनानं दोन तिरक्या रेघा ओढायच्या आणि पेन गिऱ्हाईकापुढे सरकवायच्या. "कशासाठी हाय ते लिव्ह. खाली तारीख टाक, सही कर." गिऱ्हाईक घाईत असो की चिडलेलं, लिहून होईपर्यंत अक्कांचं बोट प्रतीवरून उठत नसे. धारूरला तहसीलसमोर त्यांचं एवढंसं दुकान होतं. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, नाकावर घसरलेला चष्मा. शेजारच्याच गाळ्यात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे.

बिघडलेली प्रतही त्या कचऱ्यात टाकत नसत. घरी नेऊन सकाळी पाण्याच्या बंबात घालत. एकदा भेळवाला रद्दी मागायला आला, तर त्याला म्हणाल्या, "भेळ कशात बी बांध बाबा, लोकांच्या नावात बांधू नको."

पण अक्का पहिल्यापासून अशा नव्हत्या. आठवडी बाजारात एक जण छत्री लावून फुकट सिम वाटत होता. अक्कांनीही घेतलं. त्यानं अंगठा लावून घेतला आणि म्हणाला, "नीट उठला न्हाई मावशी, परत लावा." त्यांनी परत लावला. चार महिन्यांनी परजिल्ह्यातले दोन पोलीस दुकानात येऊन उभे राहिले. अक्कांच्या नावावरच्या एका नंबरवरून कुणीतरी बँकेचा साहेब बनून एका निवृत्त शिक्षिकेला फसवलं होतं. तो नंबर अक्कांनी कधी पाहिलाही नव्हता.

जबाब घेऊन पोलीस गेले, पण गावात बोलणं सुरू झालं. झेरॉक्सवालीच लोकांचे कागद विकते म्हणे. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं समोरून पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. अक्कांचा भाऊ म्हणाला, "थोडे दिवस दुकान बंद ठेव. लेकीकडं जाऊन राहा."

"मी कशापायी जाऊ?" अक्का म्हणाल्या. "नाव माझं चोरलं, अन् तोंड बी मीच लपवू?"

त्याच दुपारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "माझ्या नावावर काय काय हाय, सगळं काढ." सरकारी संकेतस्थळावर पाहिलं, तर त्यांच्या नावावर तीन नंबर निघाले. त्यातला एकच त्यांचा होता. उरलेले दोन 'माझे नाहीत' म्हणून आम्ही तिथल्या तिथे कळवले आणि तक्रारीचा अर्ज लिहून पोलीस ठाण्यात गेलो. साहेब नाहीत, उद्या या, असं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी अक्का बाकावर बसल्या आणि हवालदाराला शांतपणे म्हणाल्या, "पोच दिल्याबगर मी उठत न्हाई." संध्याकाळी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला.

मग त्यांनी बाजारातला तो दिवस आठवायला घेतला. दुसऱ्यांदा अंगठा कशाला लागला, हे त्यांना आता कळलं होतं: त्यावरच त्यानं त्यांच्या नावावर जादा सिम काढली होती. त्या दिवशी छत्रीखाली कोण कोण होतं, ते आठवून त्या घरोघर गेल्या. ज्यांनी दुकानाकडे पाठ फिरवली होती, त्यांच्याही दारात गेल्या. पाच बायकांच्या नावावर जादा नंबर निघाले. त्यातली एक म्हणाली, "आमाला पोलिसात नका वढू, अक्का."

"आज तू न्हाई आलीस, तर उद्या पोलीसच तुझ्या दारात येतील," अक्का म्हणाल्या. "मी एकटी होते, लई वाईट वाटलं. तू एकटी पडू नको."

पाचही जणी ठाण्यात आल्या. सहा जणींचा एकच जबाब झाल्यावर तपासाला वेग आला. तो माणूस मांजरसुंब्याच्या चौकात सापडला, तशीच छत्री लावून बसलेला. पुढे अक्कांचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचं पत्र आलं. त्यांनी ते दुकानाच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, "आता माझा अंगठा बंद करून दे." मी त्यांच्या आधारचे ठसे लॉक करून दिले. लागेल तेवढ्यापुरतेच उघडायचे, पुन्हा बंद. नंतर गावातल्या कितीतरी बायकांना त्यांनी हाताला धरून माझ्याकडे आणलं.

गेल्या वर्षी त्या अंबाजोगाईला दवाखान्यात होत्या. भेटायला गेले, तर म्हणाल्या, "मी गेले की माझा नंबर पैल्यांदा बंद कर. लेकीला काय सुचायचं न्हाई."

"असं बोलू नका, अक्का."

"मेलेल्या माणसाला ठाण्यात जाऊन सांगता येत न्हाई, पोरी, की हे मी न्हाई केलं."

अक्कांच्या मृत्यूचा दाखला हातात आला, त्या दिवशी मी त्यांच्या लेकीला घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस चांगल्या मनानं म्हणाला, "राहू द्या की चालू. आईची आठवण म्हणून तुम्हीच वापरा." लेकीचे डोळे भरून आले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बंदच करा," मी म्हणाले.

दोन दिवसांनी खात्री करायला मी तो नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक अनोळखी आवाज सांगत होता. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मग लेकीला फोन करून सांगितलं, "झालं. अक्कांचं नाव आता कुणाच्या हाती नाही."