वाइन कूलरमधली लोण्याची वाटी

फ्रिजचं दार उघडलं की भाऊ आधी डोळे मिटायचे. मग मान आत, खांद्यापर्यंत. शेजारी उभं राहून गिऱ्हाईक सांगत असायचं, थंड होत नाही, आवाज येतो, खाली पाणी साचतं. भाऊ आतूनच हात वर करून त्याला गप्प करायचे. "थांबा. आधी नाक." मग बाहेर येऊन निकाल द्यायचे, की चार-पाच दिवसांपूर्वी कोळंबी सांडली होती, पुसलीत, पण ड्रॉवरखाली गेलीय. बाई लाजायची नाहीतर चिडायची. ड्रॉवर काढला की कोळंबी निघायची.

फ्रिज दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. ते मागून सुरू करतात, कॉम्प्रेसरपासून. भाऊ पुढून सुरू करायचे.

ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. नवरा नोकरीत रमला म्हणून मी चालवायला घेतलं, आणि भाऊ मला दुकानासोबतच मिळाले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला वहिनी म्हणायचे. कल्याणहून यायचे. एका जागी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने. स्टूल पुढे केलं तर त्यावर पाना ठेवायचे. काम नसलं की दुरुस्त करून बांधून ठेवलेल्या फ्रिजच्या दोऱ्या सोडून पुन्हा आत डोकवायचे. बुद्धपौर्णिमेला पांढराशुभ्र शर्ट घालून खिरीचा डबा आणायचे, तोही दारातूनच देऊन निघायचे. त्यांच्यामुळे मलाही हिशेब सोडून उगाच उठायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही.

वासाच्या कामाचे त्यांचे दोन नियम होते. पहिला, दुकानात वास घ्यायचा नाही. आमच्या भिंतीवर दारांची रबरं टांगलेली असतात, माळांसारखी. त्या वासात दिवसभर उभं राहिलं की नाक बधिर होतं. म्हणून ते ड्रॉवर, कप्पे, जमलं तर अख्खा फ्रिज गच्चीवर न्यायचे आणि तिथे मान आत घालायचे. दुसरा नियम लोण्याचा. साफ केलेल्या फ्रिजमध्ये बिनमिठाच्या लोण्याची उघडी वाटी ठेवायची, दार लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते लोणी पावाला लावून खायचं. लोणी आजूबाजूचा वास पिऊन घेतं. "माणूस भिडेखातर बरं म्हणेल," ते सांगायचे, "लोणी म्हणणार नाही."

कोलशेतच्या एका टॉवरमधून एक निवृत्त गृहस्थ आले तेव्हा हे सगळं मला पाठ होतं. ते जहाजावर इंजिनिअर होते. आम्ही त्यांना आपसात कप्तान म्हणायचो, ते त्यांना आवडलं नसतं. सोबत टेम्पोत नवा कोरा वाइन कूलर, मुलाने भेट दिलेला. वाइन ते पीत नव्हते. त्यांना त्यात सिगार ठेवायचे होते.

मी विचारलं, सिगारला फ्रिज कशाला. त्यांनी नीट समजावलं. सिगारला जरा ओलसर, थंडसर, न बदलणारी हवा लागते. खाडीकडच्या घरात उन्हाळ्यात ते तडकतात, पावसाळ्यात बुरशी धरतात. त्यांचा जहाजावरचा सोबती वारला होता आणि त्याच्या मुलीने त्याचा अर्धा राहिलेला खोका यांना पाठवला होता. वर्षातून एक ओढायचा, तो गेला त्या दिवशी, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कूलर उघडला की नव्या प्लास्टिकचा भपकारा यायचा, आणि सिगारही लोण्यासारखाच, असेल तो वास पिऊन घेतो. एकदा पिऊन घेतला की गेला.

"दुसरा खोका मिळणार नाही," ते म्हणाले. "म्हणजे दुकानात मिळेल. त्याचा नाही मिळणार."

भाऊंनी कूलरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चार दिवस मागितले. व्हिनेगरच्या पाण्याने आतून पुसला, कोरडा केला, खायच्या सोड्याच्या बशा ठेवल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणून फडक्यात बांधून कप्प्याकप्प्यात ठेवला. दार उघडं टाकून पंखा चालू ठेवला. कप्तान रोज फोन करायचे. सिगार तोवर एका स्टीलच्या डब्यात होते आणि वाळत होते. मी रोज उद्या म्हणायचे.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊंनी दार उघडलं, डोळे मिटले, मान आत घातली, बाहेर काढली. "गेला वास. बोलवा त्यांना."

मी फोन हातात घेतला आणि थांबले. कूलर दुकानातच होता. त्याच्या वर, हातभर अंतरावर, सकाळीच आलेली नवी रबरं लटकत होती.

कप्तानांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ दिली. दुपारी भाऊ एका घरी कामाला गेले तशी कोपऱ्यावरच्या डेअरीतून लोणी आणलं आणि वाटी कूलरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी भाऊ यायच्या आधी गच्चीवर जाऊन ते पावाला लावून खाल्लं. नव्या रेनकोटची बाही चावल्यासारखं लागलं. थुंकले.

उरलेलं लोणी दुसऱ्या पावाला लावून खाली आणलं आणि भाऊंच्या हातात दिलं. हे बरं होतं की वाईट, मला अजून सांगता येत नाही. मला दुसरा मार्ग सुचला नाही. त्यांनी उभ्याउभ्या खाल्लं, सगळं. "छान आहे की. डेअरीचं ना?"

"कूलरमधलं आहे, भाऊ."

त्यांनी हात पुसले. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्टुलावरचा पाना उचलून खाली ठेवला आणि ते बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"साथीच्या दुसऱ्या वर्षी ताप आला होता ना, तेव्हा वास गेला. सगळ्यांचा परत आला."

घरी बायकोला माहीत होतं. भजी तळत असली की त्यांना आवाजावरून कळायचं. रोज निघताना ते गॅस तीनदा बघायचे, तरी बदलापूरपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा, असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण कल्याणहून ठाण्याला येताना बदलापूर लागतच नाही. डोकं असं कुठल्या कुठे जातं, म्हणाले. मला आठवलं, दुकानातली चहाची शेगडीसुद्धा ते दिवसातून दहादा जाऊन बघत. मी ते वय समजत होते.

"मग कोळंबी?" मी विचारलं.

"मासे खाणारी घरं दारावरून कळतात, वहिनी. आणि ड्रॉवरखाली कोण पुसतं?"

मला हसू आलं, आणि रागही आला. रागाचं कारण सरळ होतं. जळत्या वायरचा वास, जळक्या तेलाचा वास, आमच्या धंद्यात या गोष्टी वेळेवर कळाव्या लागतात. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, नाक नसलेला मेकॅनिक तुम्ही तरी का ठेवाल, म्हणून बोललो नाही.

मी कप्तानांना फोन करून अजून आठवडा मागितला. ते बरं म्हणाले. फोन ठेवून मी भाऊंना सांगितलं, आजपासून एकट्याने वायरला हात लावायचा नाही. आणि उठा.

कूलर आम्ही गच्चीवर नेला. मी मान आत घातली. ते मागे येरझाऱ्या घालत विचारायला लागले. कसा आहे? मी म्हटलं, घाण. ते वैतागले. घाण म्हणजे काय, गोड, आंबट, जळका? वर जास्त की खाली? कूलरचा आतला पंखा बंद केला की कमी होतो का? वासाबद्दल इतके प्रश्न मी आयुष्यात ऐकले नव्हते. पुन्हा मान घातली. "गोडसर. रेनकोट. पंखा चालू केला की वाढतो. मागून येतो."

"मग भिंती नाहीत. आपण चार दिवस भलतीकडेच पुसत होतो." त्यांनी मागची जाळी खोलली. आत पंख्याचं प्लास्टिकचं कव्हर होतं, त्याला आतून कारखान्यातली पातळ चिकट फिल्म तशीच राहिलेली. गरम होऊन ती वास सोडत होती. त्यांनी नखाने एक कोपरा धरून ती एका दमात सोलली. मला त्या हातांचं फार कौतुक वाटलं.

कव्हर तीन दिवस उन्हात राहिलं. पुन्हा सोडा, पुन्हा कोळसा. रोज नवी वाटी, रोज मी पाव खायचे आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. पाचव्या दिवशी लोणी नुसतं लोण्यासारखं लागलं.

कप्तान आले तेव्हा सिगारखाली घालायला देवदाराच्या फळ्या घेऊन आले. भाऊंनी त्या कप्प्यांच्या मापाने बसवल्या. कप्तानांनी तिथेच स्टीलचा डबा उघडला आणि एक सिगार भाऊंच्या हातात दिला, तुमच्या नाकाला तरी कळू दे म्हणून. भाऊंनी तो नाकाखाली धरला, डोळे मिटले, मान हलवली. मग मला पुढे केला. "बघा वहिनी. सांगा, कसा आहे."

त्यांना खरंच ऐकायचं होतं. मी वास घेतला आणि सांगितलं, जुनं लाकडी कपाट, त्यात ठेवलेला गूळ, थोडं ओलं गवत, आणि खाली कुठेतरी चामड्याची चप्पल. कप्तान हसले. भाऊ हसले नाहीत. ते डोळे मिटून एकेक गोष्ट मोजून घेत होते.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही असंच काम केलं. नाक माझं, हात आणि डोकं त्यांचं. मग मुलाने टिटवाळ्याला घर घेतलं आणि त्यांना तिकडे नेलं. सकाळी अकराच्या सुमारास फोन यायचा. "वहिनी, आज काय आलंय?" मी मान आत घालून सांगायचे. ते तिकडे फेऱ्या मारत असायचे, चपला ऐकू यायच्या. बहुतेक वेळा त्यांचा निकाल बरोबर निघायचा.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. हृदयाने. मुलाने दुपारी कळवलं, तोवर त्या दिवशीचे अकरा वाजून गेले होते आणि माझं फोनकडे दोनदा बघून झालं होतं.

परवा एक बाई जुना फ्रिज घेऊन आल्या. मी तो दुकानाबाहेर काढून घेतला, दार उघडलं, मान आत घातली. "आंबट," मी म्हटलं. "डाव्या बाजूला जास्त. खालून येतोय. ताक सांडलं असावं, महिना झाला असेल."

बाईंनी विचारलं, "मला सांगताय का?"

"नाही," म्हटलं, आणि ड्रॉवर काढला.