फुलाबाईनं दिलेलं बी

राजगडाच्या पायथ्याच्या पालीतली फुलाबाई कधी भांडत नाही, म्हणून गावानं तिला गरीब स्वभावाची ठरवून टाकलं होतं. गावाचं काय जातं? भांडखोर बाईचा राग तोंडावाटे निघून जातो. फुलाबाईचा बरणीतल्या लोणच्यासारखा मुरायचा.

नवरा वारल्यावर राजगडावर जाणाऱ्या पोरांना ती पिठलं-भाकरी करून घालायची. शेजारीच धाकटा दीर कुमार, त्याची बायको नूतन आणि त्यांच्या मुक्कामी पाहुण्यांच्या खोल्या. फुलाबाईची लेक शिवानी पुण्यात रोपवाटिकेत कामाला होती. तिनं एकदा जपानी खरबुजाचं बी आणून दिलं. वेल मांडवावर चढतो, फळावर जाळीसारखी नक्षी उमटते, आत हिरवा गर. फुलाबाईनं बी ओल्या फडक्यात बांधून चुलीमागं उबेला ठेवलं, मोड आल्यावर परसात लावलं, दोऱ्या बांधून वेल वर नेला. बाकीची फळं बारकी असतानाच खुडून एकच राखलं आणि देठानं तुटू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या झोळीत टांगलं. लेक आली की दोघींनी मिळून कापायचं ठरलं होतं.

लेक यायच्या आदल्या दिवशी कुमारनं ते तोडलं. अंगणात पाहुण्यांपुढं कापलं आणि मोबाईलसमोर उभं राहून सांगितलं, "म्या सोता बियापासनं वाढवलंय." बिया खरकट्यात गेल्या. फुलाबाई तिथंच भाकऱ्या वाढत होती. एका पाहुणीनं तिला विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्याकडे कामाला का?" कुमारनं ते ऐकलं आणि फोड तोंडात घातली.

खरबूज गेलं ते एक वेळ ती विसरली असती. त्याचं ते गप्प बसणं तिच्या काळजात रुतलं. त्याच अंगणात, तसल्याच पाहुण्यांपुढं तिला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

व्हिडिओ गाजला. लोक कुमारकडं खरबूज मागू लागले आणि त्याच्याकडं एक बी नव्हतं. त्यानं नूतनला पाठवलं.

"आक्का, बी द्या म्हणत्यात."

"दीन की. औंदाचं फळ पिकू दे."

शिवानीनं पुन्हा नवं बी आणून दिलं होतं आणि देताना आईला बजावलं होतं, जवळपास चिबूड, ते आपलं पिठूळ गावठी खरबूज, लावू नको, त्याचा पराग बसला तर बी बाटतं. फळ नेहमीसारखंच निघतं, पण त्या बियांचा वेल भलतंच काहीतरी देतो. फुलाबाईनं लगोलग चिबडाचं बी पेरलं. सकाळी चिबडाचं नरफूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि खरबुजाच्या मादीफुलात हलकेच फिरवायचं. इतक्या मायेनं तिनं देवालाही फूल वाहिलं नसेल. दुसऱ्या वेलावरचं मादीफूल मात्र तिनं उमलायच्या आधीच फडक्यात झाकलं आणि त्याला खरबुजाचाच पराग दिला. ते बी घरात राहिलं. बाटलेलं बी धुऊन, सुकवून तिनं नूतनच्या ओंजळीत घातलं.

पुढच्या वर्षी कुमारनं अंगणातच रस्त्याच्या बाजूला लोखंडी मांडव घातला आणि स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. पाणी घालायची नूतन, फोटोत दिसायचा कुमार. फळं फुगली, पण तुळतुळीतच राहिली.

"वयनी, जाळी कवा येती वो?"

"येती मागनं. दम धरा, भावजी."

त्या दिवशी तिला एक भाकरी जास्त गेली.

रविवारी पाहुणे जमले. कुमार ऐटीत त्यांना मांडवाखाली घेऊन गेला, तर फळं झोळीतच तडकलेली. आतला गर पिठूळ, पांढरट. महाडकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं चाखून पाहिलं आणि म्हणाला, "अहो, हे तर आमचं चिबूड. साखर आणा थोडी." पाहुणे खो खो हसले. कुमार आधी लाल झाला, मग फुलाबाईकडं बोट करून म्हणाला, "बी माजं न्हाई. वयनीनं दिलं. पयल्यापास्नं वेल तिचाच व्हता."

इतके दिवस जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते आता नासक्या फळापायी निघालं. फुलाबाईला हसू आलं. ती पुढं झाली.

"व्हय, माजाच व्हता. आन चिबडाचा पराग बी म्याच लावला. ह्या हातानं."

ती परसात गेली, घरात राखलेल्या बियाचं जाळीदार खरबूज घेऊन आली आणि सगळ्यांसमोर कापलं. प्रत्येक पाहुण्याला फोड मिळाली. नूतनला सगळ्यात मोठी दिली. त्या पोरीनं फुकट पाणी वाहिलं, याचं फुलाबाईला खरंच वाईट वाटत होतं. पण पुन्हा वेळ आली असती तरी तिनं तेच केलं असतं.

कुमारला फोड मिळाली नाही. फुलाबाईनं गरातल्या बिया मुठीत घेतल्या आणि त्याच्या पायाशी कोंबड्यांपुढं टाकल्या. कोंबड्या धावल्या. पाहुणे बघतायत याचं भान न राहता कुमार खाली वाकला आणि कोंबड्यांच्या चोचींमधून बिया वेचू लागला. फुलाबाईनं त्याला ऊठ म्हटलं नाही.