तापल्यावर ठोकणारी गाडी

उत्तरेतल्या एका खिंडीखाली आमची लष्कराची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. मी धुळ्याचा, गाड्या दुरुस्त करणारा हवालदार. लान्स नायक प्रल्हाद ड्रायव्हर, सावद्याचा. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी भाऊ.

त्याच्या ट्रकचं इंजिन अधूनमधून ठोकायचं. त्याने तीनदा तक्रार लिहिली. तिन्ही वेळा मी सकाळी सहाला गार इंजिन सुरू केलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली आणि वहीत लिहिलं, "आवाज आढळला नाही. गाडी फिट." प्रल्हाद म्हणायचा, एकदा शेजारी बसून चढावर चला. मी म्हणायचो, आधी तुझे कान तपासून घे. स्वतःच्या कानांचा मला फार तोरा होता.

पुढे मी रजेवर निघालो, तो त्याच्याच ट्रकने. कॉन्व्हॉयमध्ये आम्ही शेवटचे. अकरा वीसला चढावर इंजिन तापलं आणि ठोकू लागलं. प्रल्हाद नुसता हसला. मला शरम वाटली. गाडी थांबवायला मीच सांगितलं. बाकीच्या गाड्या वळणापलीकडे गेल्या. दहा मिनिटांत आमच्या पुढे आणि मागे बर्फाचे कडे कोसळले. मध्ये ट्रकपुरती जागा उरली.

मी रेडिओवर कळवलं, "दोघे सुखरूप. रस्ता दोन्हीकडे बंद. ओव्हर."

"मदतीला पाच तास. इंजिन चालू ठेवा. ओव्हर."

हीटर इंजिनावरच चालायचा. आता तेच इंजिन जगवायचं होतं. मी डिझेल पाइप ढिला करून एकेक सिलेंडर बंद पाडला आणि ऐकलं. तिसऱ्याला आवाज थांबला. तिथलं बेअरिंग गेलं होतं. तेल तापून पातळ झालं की ठोकायचं. तो सिलेंडर बंद ठेवून आम्ही तासाला दहा मिनिटं इंजिन चालवू लागलो. दर वेळी आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढावा लागे, नाहीतर धूर केबिनमध्ये शिरला असता.

दोन चाळीसला पाळी माझी होती. मी दार उघडलं. त्याने माझा खांदा धरला.

"तुम्ही इंजिन आयका, भाऊ. बरफ मी काढतो."

तो मागे गेला आणि वरून पुन्हा बर्फ आला. मी हातांनी उकरत राहिलो. साडेचारला मदत पोचली. प्रल्हाद गेला होता.

आता पिंप्राळ्यात माझं गॅरेज आहे. कोणी आवाजाची तक्रार आणली की मी मालकालाच चालवायला बसवतो आणि इंजिन तापेपर्यंत महामार्गाने जातो, कधी पार धुळ्यापर्यंत. लोक विचारतात, नाना, एवढ्याशा आवाजासाठी एवढी रपेट कशाला? मी शेजारी बसून ऐकत राहतो. प्रल्हादने तीनदा एवढंच मागितलं होतं.