दोन दारांची गाडी

टोलनाक्याच्या काचेच्या खोक्यात बसून पावतीबाईंनी जन्मभर जग पाहिलं, पण पाहिलं ते खिडकीएवढंच. कुणाचं कोपर, कुणाचा पुढे आलेला तळहात, मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेलं एखादं पोर, क्वचित कुत्र्याचं ओलं नाक. पैसे घ्यायचे, पावती द्यायची. दांडा वर गेला की तो तुकडा पुढे सरकायचा आणि दुसरा समोर यायचा. ही माणसं आली कुठून, निघाली कुठे, हे विचारायची सोय नव्हती. मागे रांग असायची. घरी पाहुण्यांपुढे चहाचा कप ठेवतानाही त्यांच्या तोंडून "पावती घ्या" निघून जायचं. त्यावरूनच हे नाव पडलं आणि चिकटलं.

एकदाच त्यांना राहवलं नाही. एक राहती गाडी अधूनमधून त्या नाक्यावरून जायची. खिडकीला पडदे, आत छोट्या ओट्यावर किटली, चालवणारा एक म्हातारा आणि शेजारी विणत बसलेली त्याची बायको. सुटे पैसे हातात धरूनच पावतीबाईंनी विचारलं, "तुम्ही आंघोळ कुठे करता?"

म्हातारा म्हणाला, "त्याची एक गंमतच आहे," आणि मागच्या ट्रकने असा भोंगा वाजवला की ती गंमत तिथेच राहिली. ते जोडपं पुन्हा कधी त्यांच्या खिडकीवर आलं नाही. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

घरी ही हौस सांगण्यात अर्थ नव्हता. नवरा भला माणूस, नाकासमोर चालणारा, पण स्वतःच्या उशीशिवाय त्याचा डोळा लागत नसे. लेकाच्या लग्नालाही तो उशी काखोटीला मारून गेला होता. पुढे नवरा वारला, नंतर नाक्यावर माणसांच्या जागी यंत्रं आली, आणि पावतीबाई निवृत्त होऊन घरी बसल्या. त्यातच राहती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. दोन-अडीच वर्षं सगळ्यांनी आपापली सोय बघायची होती.

वरच्या मजल्यावर त्यांची नणंद राहायची. पोहण्याची प्रशिक्षक, लग्न न केलेली, ताडमाड उंच. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या मुलाला ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की ती कुजबुजली तरी शेजारी उत्तर द्यायचे. पावतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिला "वन्सं" आणि "अहो-जाहो" करत. ती मात्र पहिल्या दिवसापासून "वहिनी, तू". स्पर्धांना मुलांना न्यायची म्हणून तिच्याकडे बस चालवायचा परवाना होता.

सगळी इमारत भाड्याच्या खोल्या शोधत वणवण करत असताना पावतीबाई जिन्यात तिला म्हणाल्या, "वन्सं, एक विचारू? खोलीला चाकं असली तर चालतील तुम्हाला?"

वन्संनी पिशवी खाली ठेवली. "स्वयंपाक तू करणार असशील तर चालतील."

लेकाने फोनवर डोक्याला हात लावला असणार. "आई, या वयात विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणार?"

"पाठीवर कुठे? पाठ दुखते माझी. म्हणून तर गाडी."

मग शोध सुरू झाला. पहिली पाहिली ती विक्रीच्या दालनातली, पांढरीशुभ्र, आरशासारखी. विक्रेता तरुण आणि गोडबोल्या. पावतीबाईंनी प्रत्येक खण उघडला, नळ सोडून पाहिला, गादीवर आडव्या झाल्या, संडासाच्या पाण्याचं पुढे काय होतं हे इतकं खोलात जाऊन विचारलं की विक्रेता मालकाला बोलवायला गेला. तोवर वन्सं पलंगावर निजून पाहत होत्या. घोट्यापासून पुढचे पाय बाहेर.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," पावतीबाई म्हणाल्या.

"हो, पण कापून पसरावेत असं कुणी म्हटलेलं नाही," वन्सं उठल्या, आणि उठताना छताला डोकं आपटलं.

दुसरी एका पाववाल्याची जुनी गाडी. वास छान, पण आत वाकूनच चालावं लागे. तिसरीचं छत तंबूसारखं वर उचललं जायचं. ते उचलताना दोघींची अशी दमछाक झाली की आत जाऊन राहण्याची इच्छाच उरली नाही. विकणारा प्रत्येक जण सांगायचा की आत किती मावतं. चौघांची भांडी, सायकली, घडीचं टेबल. पावतीबाई ऐकून घ्यायच्या. पण दिसतं तसं नसतं हे नाक्यावर बसून त्या शिकल्या होत्या. पुढून मोठी दिसणारी कितीतरी माणसं खिडकी खाली केल्यावर वेगळीच निघायची.

म्हणून त्यांनी विकणाऱ्यांना सोडलं आणि राहणाऱ्यांना गाठलं. गावाबाहेर नदीकाठच्या मैदानात अशा गाड्या मुक्कामाला थांबत. पावतीबाई सरळ दार ठोठावायच्या. "आम्ही गाडी घेतोय. दोन मिनिटं बघू का?" दोन मिनिटांचा तास व्हायचा. आंघोळीचं कोडं तिथे सुटलं: कुणी तलावावर जातो, कुणी बादलीत भागवतो, एकाने तर काळ्या नळीत पाणी भरून ती छतावर उन्हात गुंडाळून ठेवली होती. पावतीबाईंनी त्या नळीला हात लावून पाहिला आणि चटका बसल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

तिथेच त्यांना घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई भेटली. नवऱ्यासोबत ती बरीच वर्षं गाडीत राहत होती. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "काय मावतं ते बघू नका. मावतं सगळंच. राग आला की जाणार कुठे, ते बघा."

"आम्ही इतकी वर्षं वर-खाली राहतो, आमचं भांडण होत नाही," पावतीबाई म्हणाल्या.

"मजला वेगळा आहे ना तुमचा?" बाईने विचारलं आणि पुढचा कांदा घेतला.

ते बोलणं पावतीबाईंना लागलं. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणून त्यांनी एक गाडी आठवड्यासाठी भाड्याने घेतली आणि दोघी एका माळावर जाऊन राहिल्या. सुरुवातीला मजा आली. मग वारा सुटला. असा, की बाहेर खुर्ची उभी राहीना, तर माणूस काय राहणार. दिवसभर दोघी आत. वन्सं पहाटेच उठून व्यायाम करत आणि तोंडाने मोजत. त्यांचा ओला टॉवेल पावतीबाईंच्या उशीवर. दार एकच, आणि ते वन्संच्या पलंगाच्या पलीकडे; बाहेर पडायचं तर त्यांचे लांब पाय ओलांडून.

दुसऱ्या दुपारी डाळ उतू गेली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, लक्ष कुठे असतं तुझं?"

पावतीबाईंनी पळी ओट्यावर आपटली. "माझं लक्ष तुझ्या टॉवेलवर आहे. तू आधी तो उचल. आणि पाय आत घे, मला बाहेर जायचंय."

वन्संनी पाय आत घेतले. पावतीबाई वाऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत धूळ, साडीचा पदर तोंडावर. आपण वन्संना "तू" म्हणालो हे तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आणि आत कोणत्या तोंडाने जावं हे कळेना. शेवटी वाऱ्यानेच त्यांना आत ढकललं. टॉवेल वाळत घातलेला होता. वन्सं ओटा पुसत होत्या.

"चुकून निघालं तोंडातून," पावतीबाई म्हणाल्या.

"राहू दे तसंच," वन्सं म्हणाल्या. "'वन्सं, तुम्ही' ऐकलं की मला दरवेळी वाटतं, आता ही काहीतरी मागणार." मग बाहेरच्या वाऱ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "त्या घड्याळवाल्या बाईचं खरं होतं. एका दाराची गाडी आपल्याला नको."

दोन दारांच्या राहत्या गाड्या मिळत नव्हत्या. मिळाली ती वेगळ्याच गोत्राची. एका धर्मादाय संस्थेची गाडी, जी गावोगाव फिरून लोकांचे डोळे तपासायची. माणसं मागच्या दाराने आत येत, मध्ये तपासणी होई आणि पुढच्या दाराने बाहेर पडत, म्हणजे गर्दीची टक्कर होत नसे. अक्षरांचा तक्ता पुरेशा अंतरावर लावता यावा म्हणून गाडी लांबलचक, आणि डॉक्टर उंच असल्यामुळे छतही उंच. मध्ये सरकता पडदा. वन्सं आत शिरल्या, ताठ उभ्या राहिल्या, हात वर केले, आणि जमिनीवर आडव्या झाल्या. पाय आत राहून वर वीतभर जागा उरली.

पावतीबाई मागच्या दाराने आत गेल्या, पुढच्याने बाहेर आल्या, पुन्हा मागे गेल्या. तीनदा.

"काय करतेस?" वन्संनी विचारलं.

"रागावून बघतेय."

गाड्यांची बांधणी करणारा मिस्त्री मात्र तोंड वाकडं करत होता. त्याने गाडी उचलून खालून पाहिली. इंजिन ठणठणीत होतं, पण मागच्या बाजूची पत्र्याची तळजमीन गंजून चाळणी झाली होती. "घर पाहावं बांधून म्हणतात ना," तो म्हणाला, "तुम्हाला दोन्ही करावं लागेल. बांधायचंही आणि चालवायचंही." तळ बदलायला, पाण्याची टाकी बसवायला, ओटा घालायला तो म्हणाला होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. पावतीबाई रोज डबा घेऊन तिथे जात आणि त्याला प्रश्न विचारत. टाकी मध्ये का, मागे का नाही? भरल्यावर गाडी एका अंगाला कलेल का? तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री कंटाळून म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा कुठे लावू." त्यांनी सांगितलं; ते चुकलं; चढावर गाडीचं नाक उचललं जायला लागलं, आणि टाकी पुन्हा त्याच्या मूळ जागी आली. त्या दिवशी डब्यात त्याच्यासाठी गोड होतं.

इमारत पाडायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात दोघी निघाल्या.

पुढचं सगळं सांगत बसलं तर दिवस पुरणार नाही. दोघी भांडल्या, पुष्कळ भांडल्या, आणि दोन्ही दारं भरपूर वापरली. एका बंद पडलेल्या गुरांच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात वन्संनी वहिनीला गाडी चालवायला शिकवली, तीही तलावावरच्या आवाजात. दूरच्या कुंपणावरची कबुतरं उडायची. पावतीबाईंनी कागद बनवण्याचा कारखाना पाहिला, धरणाचे दरवाजे पाहिले, घंटा ओतणाऱ्या माणसाच्या भट्टीशेजारी दोन दिवस काढले. वन्सं गाडीतच बसून म्हणायच्या, "विचारून ये काय विचारायचं ते, मी झोपते."

दुसऱ्या वर्षी समुद्राकाठच्या एका लहान गावात मुक्काम पडला. तिथल्या बायका जन्मभर कोळ्यांच्या घरात राहून पोहायला भीत होत्या. वन्सं एका सकाळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकीला शिकवत होत्या, आठवड्यात सात-आठ जणी झाल्या. मुक्काम लांबला. पावतीबाईंना कळायचं ते कळलं होतं, पण बोलायचं कुणी?

शेवटी वन्संच म्हणाल्या, "वहिनी, त्या विधवा शिंपिणीच्या घरात एक खोली रिकामी आहे."

"छत उंच आहे का?"

"आहे."

"मग घे," पावतीबाई म्हणाल्या. आणि मग, गाडीची किल्ली हातात फिरवत, "मला एकटीला जमेल?"

"गाडी जमेल. बोलायला माणूस लागेल तुला, ते तू शोधशीलच. तुझ्या विचारण्यापासून कुणाचा बचाव झालाय आजवर?"

नवी इमारत केव्हाच उभी राहिली. लेकाने किल्ल्या घेतल्या आणि आईच्या सांगण्यावरून दोन्ही घरं भाड्याने दिली. मासे कमी असतात आणि गावाला सवड असते त्या दिवसांत पावतीबाई समुद्राकाठी जातात, महिनाभर राहतात, नणंद-भावजय एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, आणि वहिनी पुन्हा निघते.

परवा लेकाला फोन आला तो डोंगरावरून. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं. पवनचक्क्यांच्या रांगेपाशी गाडी लावली होती म्हणे, आणि तिथल्या कामगाराने सांगितलं होतं की खांब आतून पोकळ असतो आणि त्यात वरपर्यंत शिडी असते.

"आई, तू चढणार नाहीस," लेक म्हणाला.

"छे, मी कशाला चढतेय? मी फक्त दार उघडून वर बघणार आहे," पावतीबाई म्हणाल्या. "किल्ली त्या कामगाराकडे आहे, तो आता जेवतोय. त्याचं जेवण होईपर्यंत थांबलेय."