कुंभारीण, मोजमापासह

माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीत एका कुंभारीण माशीने घर बांधलं, अन् त्यापायी मला लेखी खुलासा द्यावा लागला. होय, माशीपायी. हसा खुशाल.

इकडे हिंदी मुलखात, हथखोजला, रेल्वेचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये मला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. पेन्सिल-पट्टीवर शिकले, मग कॉम्प्युटर आला, तोही शिकले. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं गुप्त असतात, म्हणून मोबाइल सकाळी गेटवर जमा करायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. हा नियम मी एक दिवसही मोडला नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

त्या वर्षी भाचीने माझ्या फोनवर एक वेबसाइट लावून दिली. आपल्याला दिसलेला किडा, पाखरू, गवत, जे असेल त्याचा फोटो तिथे टाकायचा, कुठे दिसलं ते नकाशावर दाखवायचं, अन् कुठले कुठले जाणकार त्याचं नाव शोधून देतात. आधी वर्ग, मग गण, मग कुळ, मग प्रजाती, असं एकेक पायरी उतरत खाली जातीपर्यंत. मला ते लगेच समजलं. आमच्याकडेही तसंच, आधी अख्खं मशीन, मग त्यातली जोडणी, मग तिच्यातला एकेक नट. घरामागच्या वांग्यांवरची सगळी कीड मी आठवडाभरात टाकून मोकळी झाले.

अन् मग ही बाई आली. काळी, पोटावर पिवळा पट्टा, कंबर दोऱ्याएवढी. तोंडात ओल्या मातीची गोळी धरून यायची अन् खिडकीच्या चौकटीवर एकेक मडकं घडवायची. त्याचा काठ असा सुबक बाहेर वळवायची की आमच्या वर्कशॉपमधल्या लेथवरच्या टर्नरने लाजावं.

फोटो काढता येत नव्हता. नसेना का! मला हात नाहीत? चौकटीला ग्राफ पेपरची पट्टी चिकटवली. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवायचा अन् खिडकीशी बसायचं. माशी पट्टीवरून चालली की चौकोन मोजायचे. ती मातीला गेली की मडकं व्हर्नियरने मोजायचं. नऊ दिवसांत चित्र झालं, वरून, समोरून, बाजूने, पाचपट मोठं, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये. गेटवरच्या गार्डने पिशवीतला कागद उलगडून पाहिला, हसला, जाऊ दिलं. घरी त्या कागदाचा फोटो काढला अन् साइटवर टाकला.

एका शहाण्याने खाली लिहिलं, फोटो नाही म्हणजे पुरावा नाही. मी लिहिलं, दादा, मापं आहेत, वाचा. दुसऱ्या एका माणसाने मात्र कंबरेच्या पहिल्या तुकड्याची लांबी विचारली. मी सांगितली. त्याने तिला कुळावरून एक पायरी खाली, प्रजातीपर्यंत नेलं. बाई गं, स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या मी.

महिन्याभराने साहेबांनी बोलावलं. साहेब इथल्याच बोरसीचे, आपलेच मराठी, पण रागावले की हिंदीत शिरायचे. त्यांची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. आपल्या भागात कुणी काय नोंदलंय म्हणून तिने त्या साइटचा नकाशा उघडला, तर एक ठिपका थेट बापाच्या कारखान्याच्या छपरावर, खाली माझं नाव!

"मॅडम, ये फोटो अंदर कैसे खींचा?"

"फोटो नाही साहेब. हातानं काढलं."

"इतना सही हाथ से नहीं बनता. फोटो रखके ट्रेस किया है."

सव्वीस वर्षांत माझ्या हाताची एवढी तारीफ कुणी केली नव्हती, अन् केली ती मला चोर ठरवायला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, असं पत्र हातात पडलं.

आमचे हे स्टील प्लँटमधून रिटायर झालेले क्लार्क. पत्राला जाम घाबरतात. म्हणाले, "कावून पंगा घेऊन राहिली? तुले रिटायर व्हाले आठ महिने राह्यले. काढून टाक ना ते चित्र."

"मी पाह्यली ते पाह्यली. नाही पाह्यली असं कावून लिहू?"

त्यांनी दिवा मालवला अन् पाठ फिरवून झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी गेले तर खिडकी लख्ख, सफाईवाले नुकतेच हात मारून गेलेले. तिन्ही मडकी खरवडून काढलेली, ग्राफ पेपरसुद्धा. चौकटीवर मातीचे तीन गोल डाग तेवढे होते. शेवटच्या मडक्याचं तोंड माशीने नुकतंच लिंपलं होतं, आत तिची पिल्लं होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

दुपारी साहेबांनी बोलावलं. या वेळी मराठीत, अगदी मऊ.

"ताई, आता तिथं काही नाहीच आहे. तुम्ही एवढंच लिहा की चित्र काल्पनिक आहे. साइटवरही तसंच टाका. मी फाइल बंद करतो. नाहीतर मले वर पाठवावं लागते."

माणूस वाईट नव्हता. मला वाचवायलाच बघत होता. पण काल्पनिक म्हटलं की साइटवरून नोंद जाणार, अन् जायलाच हवी, मनाने रचलेल्या जनावराला तिथे जागा नाही. म्हणजे खिडकीतूनही गेली अन् तिथूनही गेली. मग ती होती कुठे?

मी तिथेच त्यांच्या समोर बसून, खाली कार्बन ठेवून लिहिलं.

"चित्र काल्पनिक नाही. जागा: ड्रॉइंग सेक्शन, पूर्वेची खिडकी. माशी एक, लांबी बावीस मिलिमीटर. मडकी तीन. मी पाहिली, मोजली, हाताने काढली. मोबाइल गेटवर जमा होता, रजिस्टर पाहावे. मडकी आज सकाळी कारखान्याने खरवडून काढली."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं.

"शेवटची ओळ तरी काढा, ताई."

"कावून? ते काल्पनिक आहे काय?"

मी दुसरी प्रत पुढे सरकवली. "याच्यावर आवकचा शिक्का मारा अन् सही करा. मले पोच पाहिजे."

त्यांनी शिक्का मारला, सही केली. पुढच्या आठवड्यात वॉर्निंग लेटर आलं, तेही सही करून घेतलं. साइटवरची नोंद आहे तिथेच आहे. तिला मी हात लावलेला नाही, अन् लावणार नाही.