काकांची पेटी
अन्याय झाला तो वालूरच्या आमच्या शेजारच्या काकांवर, तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. डांबरगोळीचा वास आला की आजही मला त्यांची बाजाची पेटी आठवते. झुरळं लागू नयेत म्हणून ते तिच्यात डांबरगोळ्या ठेवायचे. भजनी मंडळाची पेटी वाजवणाऱ्याच्याच घरी राहते, ही आमच्याकडची रीत. काकांना नैराश्याचा आजार होता, परभणीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. मी परीक्षेसाठी इंग्रजी वाचायचो. अशाच आजारातून उठलेल्या एका पियानोवाल्यावरचा लेख आम्ही दोघं ओसरीवर बसून वाचत होतो. प्रत्येक नवा शब्द काका पेटीच्या सुरावर म्हणून पाठ करायचे. "माझा आजार लय शिकलेला हाय रे, समदी नावं इंग्रजीत!" म्हणून हसायचे. 'रिकव्हरी' आला तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे पुन्हा वाजवता येतंय का?" मी "येतंय की, काका" म्हणतोय तोवर मंडळाचे दोघं दारात उभे. "पेटी द्या. सप्त्यात मधीच काही केलं तर?" काका म्हणाले, "औषध चालू हाय की, दादा." "म्हणूनच तर म्हणायलोय." मी भांडलो, पण काकांनीच मला गप्प केलं, भाता बंद केला आणि पेटी उचलून दिली. लेख तिथंच राहिला. काका आज शेतात जातात, चार माणसांत बोलतात, पण गाणं-वाजवणं सुटलं ते सुटलंच. पेटी देवळात धूळ खातेय. तुमच्या गावातही औषध घेणाऱ्या कुणाच्या हातून असं काही काढून घेतलं असेल, तर नुसते हळहळू नका. ते उचला आणि आजच त्याच्या घरी नेऊन द्या.