खडकाच्या कपारीतलं रेडियमचं घड्याळ

मंडळी, आज सकाळी नातीने समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं नवं घड्याळ दाखवलं. चावीवर चालतं, सेल नाही, तरी बटण दाबलं की आतला दिवा लागतो! मला साठच्या दशकातलं माझं घड्याळ आठवलं.

बोटीवर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने ते मला लग्नात दिलं होतं. पाण्यात चालायचं, काळोखात आकडे चमकायचे.

एकदा मालवणच्या समुद्रात होडीचा नांगर खडकात अडकला. तो सोडवायला मी बुडी मारली आणि घड्याळ हातातून निसटलं.

"रवांदे रे तां, वर ये!" होडीतून माझा दोस्त भिकू ओरडला.

"मालतीक काय सांगू?" म्हणत मी पुन्हा बुडी मारली. तिसऱ्या बुडीला काळ्याकुट्ट कपारीत हिरवे ठिपके दिसले. हात घातला, घड्याळ मिळालं!

घरी येऊन मालतीला, माझ्या बायकोला, हे फुशारकीने सांगितलं. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "घड्याळ दुसरां मिळात. घोव माका दुसरो खंय गावतलो?"

आपल्या घोवावर, म्हणजे नवऱ्यावर, रागावून ती चुलीकडे वळली. मी मात्र मनातून खूश होतो. लग्नाला तीनच महिने झाले होते. आपण तिला हवे आहोत, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्हाला हे कधी कळलं?